नाळेने जपलेली नोंद

बाळ जन्मलं की नाळेला दोन चिमटे लावून मध्ये कापतात आणि उरलेली नाळ वारेबरोबर टाकून देतात. अर्धा मीटरभर लांबीची ही पांढुरकी, बुळबुळीत, पिळदार दोरी. आत दोन रोहिण्या, एक नीला आणि भोवती घट्टसर व्हार्टन जेली. बाळ पोटात कितीही फिरलं तरी या जेलीमुळे रक्तवाहिन्या सहसा दबत नाहीत. आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचलेल्या कित्येक रसायनांचे अंशही नाळेच्या ऊतीत मुरून राहतात.

हे किती मोलाचं आहे ते जपानमधल्या मिनामाताने दाखवलं. तिथे चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं पारायुक्त सांडपाणी १९३२ ते १९६८ या काळात समुद्रात जात होतं. मासे खाणारी माणसं आजारी पडू लागली आणि १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. पण वरवर धडधाकट दिसणाऱ्या आयांची बाळंही मेंदूला इजा होऊन जन्मत होती. वार विष अडवते, अशीच तेव्हा डॉक्टरांची समजूत! मासाझुमी हाराडा या डॉक्टरांना ती पटेना. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवतात. अशा नाळा तपासल्यावर त्यांत मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं विषारी संयुग, सापडला, जन्मानंतर कित्येक वर्षांनीसुद्धा. मायेने जपलेली वस्तूच पुरावा ठरली, हे वाचताना मला आजही गलबलून येतं.

वार फसते कशी? मिथाइल पारा सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो. ही जोडी मेथिओनीन या पोषक अमिनो आम्लासारखी दिसते, म्हणून वार तिला अन्न समजून आत घेते.

नाळेतल्या रक्तावरून मुख्यतः प्रसूतीच्या सुमाराची स्थिती कळते, तर ऊतीवरून त्याआधीच्या काही आठवड्यांचा अंदाज येतो. निकोटीन किंवा अमली पदार्थ शोधण्यासाठी पूर्वी बाळाच्या पहिल्या काळपट शीवर भिस्त असे. ती व्हायला कधी दोन दिवस लागतात. नाळ जन्मतःच हाती येते. सुमारे १५ सेंटिमीटरचा तुकडा रक्त काढून, धुऊन प्रयोगशाळेत पाठवतात.

गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांबद्दल मात्र नाळ फारसं सांगत नाही. शिवाय तिच्यात औषधाचा अंश सापडला म्हणून आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला साफ चुकीचं वाटतं. ते औषध डॉक्टरांनीच दिलेलं असू शकतं, अगदी प्रसूतीच्या कळा सुरू असतानाही.