रिटेलमधील शिकाऊ उमेदवारी : पदवीनंतरचा अर्ज नेमका कुठे अडतो

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ या गावांत किराणा आणि कपड्यांची मोठी दालने उभी राहिल्यापासून बी.कॉम. किंवा बी.एम.एस. झालेल्या मुलामुलींना तेथे ‘ट्रेनी’ म्हणून घेतले जाते. मात्र दुकानाने ट्रेनी म्हटले म्हणून कोणी शिकाऊ उमेदवार ठरत नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 नुसार होणारे प्रशिक्षण करारावर चालते. तो करार केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना) पोर्टलवर नोंदवलेला नसेल, तर वर्षभर बिलिंगवर उभे राहूनही हाती सरकारी प्रमाणपत्र येत नाही. ओळखण्याची सोपी खूण अशी की, शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही. पगाराच्या पावतीवर या निधीची, म्हणजे पी.एफ.ची, कपात दिसत असेल, तर आपण कर्मचारी आहोत, शिकाऊ नाही, हे समजून घ्यावे.

ही खूण महत्त्वाची आहे, कारण पदवी मिळाल्यानंतर एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ नोकरी वा प्रशिक्षण झालेला उमेदवार पदवीधर शिकाऊ म्हणून पात्र ठरत नाही. शिकत असताना सुट्टीत मामाच्या दुकानात बसल्याने काही बिघडत नाही. पदवीनंतर केलेल्या नोकरीचे तेरा महिने मात्र बायोडाटात अभिमानाने लिहिले जातात आणि तेच अंगाशी येतात.

दुकान किती मोठे आहे, हेही पाहावे लागते. 2019 च्या नियमदुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे आणि त्याहून लहान दुकानाला ते घेताच येत नाहीत. या मोजणीत कंत्राटी माणसेही धरली जातात. बाजारपेठेतील तीन माणसांच्या दुकानाकडे यासाठी हेलपाटे घालण्यात अर्थ नाही, मालक कितीही ओळखीचा असला तरी.

पोर्टलवर नाव नोंदवणे, छायाचित्र व गुणपत्रिका चढवणे, आस्थापना निवडून अर्ज पाठवणे ही कामे तासाभराची आहेत. अडचण आधारच्या ओटीपीपासून सुरू होते. आमच्याकडे कितीतरी घरांत मुलीच्या आधारला वडिलांचा मोबाइल जोडलेला असतो आणि वडील असतात विरारला किंवा परळला. मुलगी सायबर कॅफेत बसून फोन लावते, वडील कामावर असल्याने तो उचलत नाहीत, तोवर ओटीपीची मुदत संपते, आणि दोन-तीन वेळा असे झाले की ती अर्ज सोडून एस.टी. पकडते. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक आधीच जोडून घ्यावा.

नावातील फरक हा दुसरा खडा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी व आईचे नाव शेवटी असते, आधारवर वडिलांचे नाव गाळलेले असते, आणि लग्न झालेल्या मुलीचे आडनाव एका कागदावर बदललेले तर दुसऱ्यावर जुनेच असते. दुरुस्ती करताना दहावीच्या गुणपत्रिकेनुसार आधार सुधारावे, उलट करू नये. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे घाईने केलेली एक चुकीची दुरुस्ती फार महागात पडते.

पदवी प्रमाणपत्र ‘अजून आले नाही’ म्हणून थांबणारे बरेच असतात. मुंबई विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर हाती येते. तोवर महाविद्यालयामार्फत तात्पुरते प्रमाणपत्र मागवून गुणपत्रिकेसोबत जोडावे. एखादी केटी, म्हणजे नापास झालेला विषय, शिल्लक असताना ‘पदवीधर’ हा पर्याय निवडणे मात्र फसवणूक ठरते आणि पडताळणीत ते उघडे पडतेच. जे अजून शिकत आहेत, त्यांच्यासाठी प्रशिक्षण अंतर्भूत असलेला पदवी अभ्यासक्रम किंवा महाविद्यालयाने नेमून दिलेले कार्यानुभव प्रशिक्षण हा मार्ग आहे. पदवीधरांच्या रांगेत त्यांनी उभे राहू नये.

सर्वाधिक मनस्ताप होतो तो बँक खात्याचा. पदवीधराच्या किमान विद्यावेतनातील निम्मा वाटा सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात जमा करते. 2019 च्या दुरुस्तीत हे किमान विद्यावेतन दरमहा 9,000 रुपये ठरले होते. सध्याचा आकडा करारावर वाचून घ्यावा. गावातील पतसंस्थेचे खाते यासाठी चालत नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेत खाते असले तरी ‘आधार लिंक आहे’ हे काउंटरवरचे उत्तर पुरेसे नसते. केवायसीसाठी आधार दिलेले असणे आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी खाते आधारशी संलग्न असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कर्मचारी आपणहून सांगत नाहीत. खाती अनेक असतील, तर शेवटी संलग्न केलेल्या खात्यातच पैसे जातात. एका विद्यार्थिनीने सहा महिने ‘पैसे आले नाहीत’ अशी तक्रार केली. रक्कम दरमहा नियमित जमा होत होती, पण शिष्यवृत्तीसाठी उघडून विसरलेल्या खात्यात. आधारच्या संकेतस्थळावर ही संलग्नता दोन मिनिटांत तपासता येते, ती अर्जाआधीच तपासावी.

करार पोर्टलवर तयार झाला की प्रशिक्षणाचा आराखडा वाचावा. मालाची आवक, साठा मोजणे, मुदत संपत आलेला माल पुढे लावणे, बिलिंग, ग्राहकाची तक्रार हाताळणे हे सारे त्यात असायला हवे. वर्षभर केवळ ट्रॉल्या गोळा करणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. रजेचेही आधीच विचारून ठेवावे. चतुर्थीपूर्वीचा आठवडा हा कोकणातील दुकानांच्या विक्रीचा ऐन हंगाम असतो, आणि आरतीला घरी राहीन असे गृहीत धरून रुजू झालेल्यांचे पहिले भांडण तिथेच होते.

प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, तसा उल्लेख करारात असेल तरच ते येते. करार न नोंदवता कामाला लावले असेल, तर पश्चिम विभागाच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे लेखी तक्रार करता येते. हे कार्यालय मुंबईत शीव येथे आहे. तक्रारीसोबत हजेरीची छायाचित्रे आणि बँकेचा उतारा जोडावा. ‘साहेबांनी तोंडी सांगितले होते’ या वाक्याची तिथे दखल घेतली जात नाही.