‘हे खरे आहे काय?’ : मंत्र्यांना जाब विचारण्यामागचा इतिहास

विधानमंडळातला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, कधी मुळातून वाचला आहे का? त्याची ठेवण ठरलेली असते. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग एक : अमुक ठिकाणी अमुक गैरप्रकार झाला, हे खरे आहे काय? दोन : असल्यास, याची चौकशी केली आहे काय? तीन : त्यानुसार कोणती कार्यवाही केली? चार : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरही तितकेच साचेबद्ध. ‘हे अंशतः खरे आहे’, आणि चौथ्या भागापुढे हमखास ‘प्रश्न उद्भवत नाही’.

बातमी होते ती राजदंड पळवल्याची, सभात्यागाची, फार तर राजीनाम्याच्या मागणीची. या चार ओळींकडे कुणी ढुंकून पाहत नाही. खरे तर ‘जबाबदार’ या शब्दाच्या पोटातच ‘जबाब’ आहे. मंत्री सभागृहाला जबाबदार असतो म्हणजे आधी त्याने जबाब द्यायचा असतो, खुर्ची सोडण्याची गोष्ट नंतरची. आपण मात्र उलट धरून बसलो आहोत. राजीनामा दिला तरच जबाबदारी घेतली, नाही तर नाही. हा समज कुठून आला ते पाहायचे तर जरा मागे जावे लागते.

इंग्लंडमध्ये सुरुवात झाली ती खुर्चीपासूनही नाही, थेट मुंडक्यापासून. राजा चुकत नाही, हे तिथले गृहीतक. मग कारभार बिघडला की दोष कुणाच्या माथी मारायचा? सल्लागाराच्या. १३७६ साली कॉमन्स सभेने, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, विल्यम लॅटिमर या राजाच्या विश्वासू सरदारावर महाभियोग चालवला, तो पहिला मानला जातो. मग मधली बरीच वर्षे हे हत्यार गंजत पडले आणि सतराव्या शतकात पुन्हा बाहेर निघाले. १६४१ मध्ये राजाचा सल्लागार स्ट्रॅफर्ड याचा शिरच्छेद झाला. १६७९ मध्ये डॅन्बी या मंत्र्यावर पाळी आली तेव्हा राजाने त्याला परस्पर माफी देऊन टाकली आणि संसद खवळली. कॉमन्सने चालवलेल्या महाभियोगाच्या आड राजाची माफी येणार नाही, असे १७०१ च्या कायद्यात लिहूनच ठेवले गेले.

पण प्रत्येक वाईट कारभारासाठी फासावर चढवण्याइतका गुन्हा सापडतोच असे नाही. पुढे प्रकरण निवळत गेले. १७४२ मध्ये पंतप्रधान वॉल्पोलच्या लक्षात आले की कॉमन्समध्ये आपले बहुमत राहिलेले नाही, आणि तो पायउतार झाला. अमेरिकेतले युद्ध हरल्यावर १७८२ मध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने अविश्वासाचे मतदान होण्याआधीच राजीनामा दिला. आता डोके शाबूत राहत होते, फक्त पद जात होते. १८०६ मध्ये लॉर्ड मेल्व्हिल या माजी मंत्र्यावरचा खटला हा महाभियोगाचा शेवटचा प्रयोग ठरला आणि तोही निर्दोष सुटला. प्रश्न विचारण्याची रीत याच काळात हळूहळू रुजत होती. १७२१ मध्ये लॉर्ड काउपरने साउथ सी कंपनीच्या फरारी खजिनदाराबद्दल सरकारला विचारले, तो संसदेतला नोंदलेला पहिला प्रश्न. थोडक्यात, तिथे आधी मुंडके, मग खुर्ची आणि सगळ्यात शेवटी रोजचा प्रश्न, असा क्रम लागला.

आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा आहे, आणि माझ्या मते आपल्या संसदीय इतिहासातली ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे.

१८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलांना फक्त कायदे करण्यापुरते काम होते, सरकारला काही विचारण्याची सोय नव्हती. १८९२ च्या कायद्याने ती दिली, पण हात आखडूनच. प्रश्न विचारा, उत्तर ऐका, खाली बसा. उपप्रश्न नाही, उत्तरावर चर्चा नाही. फेब्रुवारी १८९३ मध्ये अवधमधील भिनग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. विषय काय असावा? दौऱ्यावर आलेल्या साहेबांच्या लवाजम्याला रसद पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांची होणारी ससेहोलपट. सरकार नावाच्या अजस्र यंत्राला पहिला जाब विचारला गेला तो किराणा आणि चाऱ्यावरून.

१९०९ मध्ये उपप्रश्नाची मुभा मिळाली, पण ज्याचा मूळ प्रश्न त्यालाच. १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सदस्यही उपप्रश्न विचारू लागले. वाचताना हे तपशील किरकोळ वाटतात. मात्र लेखी उत्तर कारकून तयार करतो आणि उपप्रश्नाला मात्र समोर उभ्या माणसालाच तोंड द्यावे लागते. उत्तरकर्त्याला विषय कळला आहे की नाही, तो काही दडवतो आहे का, हे दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला उघडे पडते. राज्यकर्त्यांनी ही फट इंचाइंचाने का उघडली, याचे उत्तर त्यातच आहे.

आणि हे सगळे ज्यांना विचारायचे, त्यांना हलवण्याची ताकद सदस्यांकडे नव्हती. गोखल्यांनी १९०२ पासून वर्षानुवर्षे अर्थसंकल्पाची चिरफाड केली. आकडे सरकारचेच, निष्कर्ष गोखल्यांचे. पण अर्थसंकल्पावर मतदानच नव्हते. १९१९ नंतर प्रांतांत ‘सोपीव’ खात्यांचे मंत्री विधिमंडळाला जबाबदार झाले, तरी पोलीस, महसूल, अर्थ अशी वजनदार खाती गव्हर्नरच्या ‘राखीव’ मुठीत राहिली. केंद्रात तर कार्यकारी मंडळ शेवटपर्यंत व्हाइसरॉयचेच. १९२१ मध्ये सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती आली, पण १९५० पर्यंत तिचे अध्यक्ष कोण, तर अर्थखात्याचे सदस्यच. ज्याचा हिशेब तपासायचा तोच तपासनीस. सुमारे अर्धशतक भारतीय सदस्यांच्या हातात एकच शस्त्र होते : विचारत राहणे.

घटना लिहिली गेली तेव्हा दोन्ही शस्त्रे हाती आली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींची तुलना केली. अध्यक्षीय पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त, आणि मसुद्याने कौल दिला तो जबाबदारीला. संसदीय पद्धतीत हिशेब दोनदा होतो, असे त्यांनी मांडले. ठरावीक मुदतीने मतदार करतात तो एक, आणि प्रश्न, ठराव, स्थगन व अविश्वासाचे प्रस्ताव यांतून सदस्य करतात तो दुसरा, रोजचा.

अनुच्छेद ७५(३) मध्ये मात्र मंत्रिमंडळ लोकसभेला ‘सामुदायिकरीत्या’ जबाबदार आहे, एवढेच आले. एका मंत्र्याच्या खात्यात घोळ झाला तर त्याने काय करायचे, याबद्दल घटना गप्प आहे. ते प्रथेवर सोडले गेले, आणि प्रथा पाडण्याची वेळ लवकरच आली.

१९५६ मध्ये महबूबनगरजवळच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा देऊ केला, नेहरूंनी तो परत केला. नोव्हेंबरात मद्रास राज्यात अरियालूरजवळ पुराने पूल खचला, गाडी कोसळली, शंभरावर माणसे गेली. या वेळी राजीनामा स्वीकारला गेला. स्वीकारताना नेहरूंनी स्पष्ट केले की शास्त्री व्यक्तिशः दोषी नाहीत, घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून हे करतो आहोत. तेव्हापासून कुठेही दुर्घटना घडली की शास्त्रींचे नाव निघतेच. नैतिकदृष्ट्या तो राजीनामा थोरच. पण त्यातून सभागृहाला नवे काय कळले? फारसे नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी जे घडले ते जास्त मोलाचे. आयुर्विमा महामंडळ नुकतेच स्थापन झाले होते. जून १९५७ मध्ये महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली, तीही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. संसदेत आधी प्रश्न आले. उत्तरांतून फारसे हाती लागले नाही. पण उत्तर मोघम आहे, हीच मोठी माहिती असते. १६ डिसेंबरला फिरोज गांधी बोलायला उभे राहिले. ते सत्तारूढ पक्षाच्या बाकावरचे, वर पंतप्रधानांचे जावई. त्यांनी व्यवहाराची एकेक पायरी सोडवून दाखवली आणि सरकारला चौकशी मान्य करावी लागली.

जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत आणि जाहीर. गर्दी इतकी की बाहेरच्यांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी आणि अर्थसचिव एच. एम. पटेल यांच्या साक्षी लोकांनी कानांनी ऐकल्या. फेब्रुवारीत अहवालही आला! आजच्या आयोगांच्या मुदतवाढी पाहता हे खरे वाटत नाही. छागलांचा निष्कर्ष असा की सचिवाने परस्पर केले, मला ठाऊक नव्हते, असे म्हणून मंत्र्याला सचिवामागे लपता येणार नाही. खात्याने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. कृष्णमाचारी गेले. (१९६३ मध्ये ते पुन्हा अर्थमंत्री झाले, हेही सांगायला हवे.)

ब्रिटनमध्ये १९५४ साली क्रिचेल डाउन इथल्या जमिनीच्या प्रकरणात कृषिमंत्री डगडेल यांनी अधिकाऱ्यांच्या चुकीपायी पद सोडले होते. त्यानंतर तिथल्या गृहमंत्र्यांनी एक भेद केला : जी कृती मंत्र्याला माहीत नव्हती आणि मान्यही नाही, तिचे समर्थन त्याने करायला नको, पण काय घडले याचा जाब सभागृहाला द्यायलाच हवा. हा भेद आपल्याकडे नीट रुजलाच नाही. आपल्या वादात दोनच टोके असतात, ‘राजीनामा द्या’ आणि ‘माझा संबंध नाही’.

सामुदायिक जबाबदारीची कहाणी तुलनेने लवकर सांगून होते. १९६२ च्या पराभवानंतर कृष्ण मेनन गेले आणि संरक्षणखाते यशवंतरावांकडे आले, पण मेनन गेले ते स्वपक्षीयांच्या रेट्याने. लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आचार्य कृपलानींचा, ऑगस्ट १९६३ मधला. बाजूने ६२ मते, विरोधात ३४७. तिथपासून २०२३ पर्यंतच्या साठ वर्षांत एकही ठराव मंजूर झाला नाही. १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनीच मांडलेल्या ठरावावर मतदान होण्याआधी मोरारजींनी राजीनामा दिला. विश्वास ठरावावर मात्र सरकारे पडली. १९९० मध्ये, १९९७ मध्ये, आणि १९९९ मध्ये तर एका मताने. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला की सदस्यत्व धोक्यात येते. त्यामुळे भक्कम बहुमताच्या सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव म्हणजे लांबलेली चर्चाच. सत्ताधारी बाकावरून फिरोज गांधींसारखा कुणी उभा राहण्याची शक्यताही त्याच पक्षशिस्तीत आक्रसली.

मग उरते ते चिकाटीचे काम. दादासाहेब मावळंकर अध्यक्ष असताना, १९५३ मध्ये, लोकसभेत आश्वासन समिती नेमली गेली. मंत्री सभागृहात सहज म्हणून जातो, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती घेऊन सांगतो’. समितीकडे अशा वाक्प्रयोगांची यादीच आहे. त्यांतला एखादा तोंडून गेला की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते. मुदतवाढीचे अर्ज अर्थातच येतात. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधकांकडे आले, मिनू मसानी हे पहिले. पण या समितीपुढे साक्षीला सचिव येतो, मंत्र्याला बोलावता येत नाही. डिसेंबर २०१० मध्ये टू-जी प्रकरणात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी आपण होऊन समितीपुढे यायची तयारी दाखवली, तेव्हाही ही चौकट आडवी आली.

म्हणजे मंत्र्याला समोरासमोर गाठण्याची जागा राहते ती सकाळी अकराच्या प्रश्नोत्तराच्या तासाची. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न यादीत असतात, तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात त्यांतले मोजके. हा तासही कधीकधी गळतो. १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणावेळी सभागृह दुपारी बाराला भरू लागले आणि तास गेला. १९७५ मध्ये आणीबाणी आल्यावर पुन्हा गेला. सप्टेंबर २०२० च्या करोनाकाळातल्या अधिवेशनातही तो वगळला गेला. विरोधकांनी ओरड केल्यावर अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे पटलावर ठेवण्याची सोय झाली. प्रश्न होते, उत्तरे होती. उपप्रश्न तेवढे नव्हते, जसे १८९२ च्या कायद्यात नव्हते.