आतील गुद-परिसंकोची स्नायू : चेतानियंत्रण

मलाशयाच्या भिंतीतील वर्तुळाकार अरेखित (पट्टे नसलेल्या) स्नायूंचा थर खाली गुदमार्गाभोवती जाड होतो. या कड्याला आतील परिसंकोची स्नायू म्हणतात. तो अनैच्छिक आहे, म्हणजे आपल्या इच्छेने चालत नाही. त्याला वेढून असलेला बाह्य परिसंकोची मात्र रेखित असून हवा तेव्हा आवळता येतो. झोपेतही गुदमार्ग मिटलेला राहतो तो मुख्यतः आतील कड्यामुळे.

हातापायाचे स्नायू चेतासंदेश आला की आकुंचन पावतात आणि संदेश थांबला की सैल पडतात. येथे प्रकार जवळजवळ उलटा आहे. आतील परिसंकोची मुळातच आवळलेला असतो. हा ताण स्नायुपेशींतच निर्माण होतो. अनुकंपी चेता (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या स्वयंचलित नसा) नॉरॲड्रिनॅलिन हे संदेशवाहक रसायन सोडून त्यात भर घालतात. गंमत अशी, की याच अनुकंपी चेता वरच्या बृहदांत्राची हालचाल मंदावतात. म्हणजे संदेश एकच, पण भिंत सैलावते आणि कडे आवळते.

चेतांचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र हे कडे सोडवण्याचे. मलाशयात मल किंवा वायू उतरून भिंत ताणली गेली, की काही सेकंदांतच ते थोडा वेळ सैल पडते. तेवढ्यात गुदमार्गाच्या वरच्या भागातील संवेदनशील अस्तराला आलेला पदार्थ घन आहे की वायू, हे कळते. बाह्य स्नायू तोवर दार धरून असतो. ब्रिटिश चेताविज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १८७७ मध्ये या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले. तिला मेंदूची गरज नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्यांतही ती टिकते, कारण तिचे चेतामंडल आतड्याच्या भिंतीतच असते.

भिंतीतील निरोधी (आकुंचन रोखणाऱ्या) चेतापेशी प्रामुख्याने नायट्रिक ऑक्साइड सोडतात. हा वायू साठवून ठेवता येत नाही, लागेल तेव्हाच तयार होतो. तो पेशीपटलातून थेट आत शिरतो, चक्रीय जीएमपी या पेशीतील निरोप्या रेणूचे प्रमाण वाढवतो आणि आकुंचनाला लागणारे कॅल्शियम पेशीत घटते. याउलट मलाशयाच्या भिंतीत उत्तेजक चेता ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सोडून आकुंचन घडवतात; मज्जारज्जूच्या त्रिकास्थी (कण्याच्या तळाच्या) भागातून येणाऱ्या परानुकंपी चेता (अनुकंपीच्या उलट काम करणाऱ्या स्वयंचलित नसा) त्याला जोर देतात.

या चेतापेशी नसतील तर काय होते, ते हिर्शस्प्रुंग विकारात दिसते. या जन्मजात विकारात गुदद्वारापासून वर काही अंतरापर्यंत भिंतीत चेतापेशीच नसतात. तेवढा भाग लुळा पडत नाही, उलट आवळलेलाच राहतो, आणि त्याच्या वरचे निरोगी आतडे मल साठून फुगते. जन्मल्यापासून ४८ तासांत बाळाला पहिली शी झाली नाही, तर या विकाराची शंका घेतात. मलाशयात छोटा फुगा फुगवूनही गुदमार्गातील दाब उतरला नाही, तर ती बळावते. निदान पक्के होते ते भिंतीचा तुकडा तपासून.

हेच ज्ञान उपचारातही वापरतात. गुदचिरेवर (गुदमार्गाच्या अस्तराला पडलेल्या चिरेवर) लावायचे ग्लिसरिल ट्रायनायट्रेट मलम शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवते. कड्याचा ताण उतरतो, चिरेला रक्तपुरवठा वाढतो. मात्र डोक्यातील रक्तवाहिन्याही रुंदावत असल्याने अनेकांना डोकेदुखी होते.