खोकं उघडण्याआधीच

ऑनलाइन काही मागवलं की पार्सल हातात पडेपर्यंतचे दिवस आठवून पाहा. ‘पाठवलं’, ‘शहरात पोहोचलं’, ‘आज मिळेल’ असे मेसेज येत राहतात आणि आपण दर तासाला फोन काढून ते कुठवर आलंय ते बघतो. मग खोकं येतं, चिकटपट्टी टरकावली जाते. आठवड्याभरात ती वस्तू घरातल्या बाकीच्या वस्तूंमध्ये मिसळूनही जाते.

हा आपल्या उथळपणाचा पुरावा मानायचं कारण नाही. मेंदूत स्रवणाऱ्या डोपामिनला ‘सुखाचं रसायन’ म्हणायची पद्धत होती, अजूनही आहे. १९८० च्या दशकात मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी सहकाऱ्यांसोबत उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून पाहिलं. उंदीर समोरच्या अन्नाला तोंड लावेनात. भरवलं नसतं तर उपाशीच मेले असते. पण त्यांच्या तोंडात गोड पाणी सोडलं, तर ते धडधाकट उंदरांसारखेच जिभल्या चाटायचे. गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ. ‘हवंय’ आणि ‘आवडतंय’ हे आपण एका दमात बोलतो. मेंदूत मात्र दोघांची खाती वेगळी आहेत.

पुढे मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे संदेश टिपले. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की या पेशी उसळायच्या. दिवा लागला की रस येतो, हे त्याला उमगल्यावर त्या दिवा लागतानाच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळताना ढिम्म राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही मंदावल्या. या पेशी मोजतात तो अपेक्षा आणि प्राप्ती यांतला फरक. आपल्याकडे दिव्याचं काम ‘आज मिळेल’ हा मेसेज करतो.

यावरून ‘पैशाने सुख मिळत नाही’ असं ठोकून द्यायचा मोह होतो. मला ते वाक्य पटत नाही. १९७८ चा लॉटरी विजेत्यांवरचा अभ्यास त्यासाठी नेहमी पुढे केला जातो, पण त्यात विजेते होते अवघे २२. स्वीडनमधल्या कितीतरी मोठ्या अभ्यासात विजेत्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान बरीच वर्षं टिकलेलं दिसलं. उद्याची काळजी मिटणं आणि चौथा हेडफोन घेणं, यांत फरक आहेच.

आता वस्तूच्या बाजूने बघू. स्मार्टफोनच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो: खाणी, धातू शुद्ध करणाऱ्या भट्ट्या, चिप बनवणारे कारखाने. रोजच्या चार्जिंगचा वाटा त्यामानाने किरकोळ. म्हणजे फोन सुरू होण्याआधीच पृथ्वीचा बहुतेक खर्च झालेला असतो, आणि तोवर आपलीही बरीचशी हौस फिटलेली असते. तोच फोन दोनऐवजी चार वर्षं वापरला, तर हा खर्च दुप्पट काळावर वाटला जातो. इतका सोपा हिशेब पर्यावरणाच्या प्रश्नांत क्वचितच सापडतो.

२०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या साखळीत गेला नाही. टनामागे पाहिलं, तर जुन्या फोनच्या ढिगात सोन्याच्या खाणीतल्या दगडापेक्षा कितीतरी जास्त सोनं असतं. तरी आपण दगडच फोडत बसतो.

माझ्या फोनने मध्यंतरी दुपारीच मान टाकायला सुरुवात केली. लिथियम बॅटरीचं तसंच असतं: काहीशे वेळा चार्ज झाली की तिची धारणशक्ती उतरत जाते, बाकी फोनला धाड भरलेली नसते. बॅटरी तेवढी बदलून घेतली. आता तो रात्रीपर्यंत टिकतो. नव्या मॉडेलचं पान मात्र त्याच फोनवर उघडं आहे. ते बंद करायला अजून हात धजलेला नाही; रात्री झोपण्याआधी एकदा रंग बघून घेतो.