डोकं नको म्हणण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी, बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे आम्ही मासे घरपोच देतो, आणि ऑर्डरमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं, "साफ करून द्या, डोकं नको, काळं मांस पण काढा." काढून देतो की! पण पैसे तुम्ही अख्ख्या माशाचे देता, आणि वर डॉक्टरांनी ओमेगा-थ्री सांगितलंय म्हणता, तर ते माशात नेमकं कुठं असतं ते सांगणं आमचं काम आहे.

माशाच्या चरबीतली कामाची ओमेगा-थ्री फॅटी अ‍ॅसिडं (म्हणजे चरबीचे घटक) मुख्य दोन, ईपीए आणि डीएचए. ईपीएत २० कार्बन आणि ५ डबल बाँड (दोन कार्बनमधले दुहेरी बंध), डीएचएत २२ कार्बन आणि ६ डबल बाँड. जवसातही ओमेगा-थ्री असतं, पण ते एएलए नावाचं वेगळं, त्याचं डीएचए आपल्या शरीरात अगदी थोडं होतं. समुद्रातल्या माशांना हे मिळतं बारीक शेवाळातून, म्हणून रोहू-कटल्यात ते कमीच, त्यांच्यात ओलेइक, लिनोलेइक ही ओमेगा-थ्री नसलेली जास्त.

आता भावाचं. पापलेट महाग म्हणून जास्त पौष्टिक असं काही नाही हो, ओमेगा-थ्रीसाठी बांगडा आणि तारली घ्या, खिसाही वाचतो. यांची चरबी मांसातच असते, त्यातही कातडीखाली, पोटाच्या पातळ भागात आणि मधल्या त्या काळ्या पट्ट्यात, जो तुम्ही काढायला सांगता! बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच, चवीला खा. मोरीचं (म्हणजे लहान शार्कचं) वेगळं, तिचं मांस कोरडं, सगळं तेल लिव्हरमध्ये.

डोकं टाकू नका ते यासाठी की डोळ्यांच्या आणि मेंदूच्या भागात डीएचए भरपूर असतं, कुप्याच्या (ट्यूनाच्या) डोळ्यामागच्या चरबीचं तर जपानात वेगळं तेल काढतात. गाबोळीतही चांगलं असतं, पण ती भरली की माशाच्या अंगातली चरबी तिकडे जाते आणि मांस जरा सुकं लागतं, तेव्हा "या वेळचा माल बरा नाही" म्हणून आमच्यावर रागावू नका. आतडी आम्ही लगेच काढतो कारण तिथूनच मासा आधी बिघडतो, आणि रोहू-कटल्याचं पित्त चुकूनही खाऊ नका, किडनी जाऊ शकते.

एक तोटा पण सांगतो, हे डबल बाँड हवेशी पटकन जुळतात आणि चरबी खवट होते. फ्रीजरमध्ये हे मंदावतं, थांबत नाही, म्हणून बांगडा-तारली दोन महिन्यांच्या आत संपवा, पिशवीतली हवा काढून ठेवा, पोट पिवळट दिसलं की समजा उशीर झाला. जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून मे महिन्यात दहा-दहा किलो बांगडा भरून ठेवणाऱ्यांनी हे विशेष वाचावं.

पुढच्या ऑर्डरला "डोकं वेगळं" एवढं लिहा, कल्ले काढून, धुवून, वेगळ्या पिशवीत देऊ, त्याचे जास्तीचे पैसे नाहीत.