मागचे शॉकअप जेवढे कडक, तेवढी गाडी जोरात सुटते?

सांगली-मिरजेच्या गॅरेजांत हे कायम ऐकू येतं. पण ते चूक आहे. ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीत (थांबलेल्या गाडीने सरळ ट्रॅकवर सुसाट सुटायची शर्यत) गाडी सुटताना वजन मागे सरकतं, त्यावरच मागची चाकं ट्रॅक धरतात. शॉकअप दगडासारखा असला की टायर उड्या मारतो, नाहीतर जागेवर फिरतो.

पैसे कमी असतील तर एका नॉबचे (कडकपणा कमीजास्त करायची फिरकी) अ‍ॅडजस्टेबल शॉकअप पुरे. दोन नॉबचे महाग. त्यांत शॉकअपचं दबणं आणि उघडणं वेगळं जुळवता येतं. आधी झिजलेले बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे) मात्र बदलाच! मग नॉब एकेक क्लिक फिरवत मागच्या चाकाचा स्लो-मोशन व्हिडिओ काढा. सुटताना बॉडी चाकापासून झटक्यात वर उचलली, तर उघडणं थोडं कडक करा.