गाडी नव्वदलाच का थरथरते?

जळगावहून धुळ्याला निघालो होतो. एरंडोल मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला आणि काटा ऐंशीच्या पुढे सरकला तसं स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. नव्वदला तर अंगठे दिसतील इतके हलत होते. शंभरच्या जवळ नेली, तर थरथर चक्क कमी झाली. पुन्हा नव्वदवर आणली, की परत सुरू. मागच्या सीटवरून आईने विचारलं, "गाडीले हीव भरनं का रे?"

गाडी चौदा वर्षांची. या वयाच्या गाडीत काहीही निघू शकतं, हे मान्य. पण साठला गप्प, नव्वदला हीव आणि शंभरला पुन्हा बरी, हा काय प्रकार? खराब भाग सगळ्याच वेगांत खराब नसतो का?

खरं तर हा प्रश्न आपल्याकडे नवाच. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, म्हणजे आताचा ५३, दुपदरी होता तेव्हा कापसाच्या गाड्या आणि ट्रक यांच्या मागे साठच्या वर जायला मिळायचं कुठे? शिवाय खड्डे इतके, की गाडी हलतेय की रस्ता, हे ठरवायची सोय नव्हती. चौपदरीकरण झालं आणि जुन्या गाड्यांची पोलं उघडी पडली.

आधी एक सोपा हिशेब करू. टायरच्या अंगावर १६५/८० आर १४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, रिमचा व्यास १४ इंच. बेरीज केली की चाकाचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर आणि परीघ १.९५ मीटरच्या आसपास येतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. भागाकार करा: चाक सेकंदाला जवळपास १३ फेरे मारतं. हा १३ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्वारीच्या शेतात मचाणावर उभं राहून गोफण फिरवलेल्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. दगड तोच, पण फिरवण्याचा वेग वाढवला की दोरी हाताला जास्त ओढते. दुप्पट वेगाला ओढ दुप्पट नाही, चौपट. चाकाच्या एका बाजूला फक्त ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ४५ च्या वेगाला ते धुरीला किलोभरही ओढत नाही. नव्वदला तीच ओढ साडेतीन किलोवर जाते. आणि ती फिरती असते: आत्ता वर, लगेच पुढे, मग खाली. धुरीला सेकंदाला तेरा वेळा हिसका.

पण साडेतीन किलोने हजार किलोची गाडी हलावी कशी? इथे आखाजीचा झोका आठवा. कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर माहेरी आलेली लेक बसलेली असते आणि मागून धक्का देणारी पोरगी पाच-सहा वर्षांची. तिच्यात जोर कितीसा? तरी झोका आभाळाला टेकतो, कारण धक्का झोक्याच्या स्वतःच्या लयीत बसतो. लय चुकली की तोच धक्का झोका अडवतो. विज्ञानात याला अनुनाद म्हणतात.

गाडीचं चाकही एका झोक्यावरच बसलेलं असतं. खाली हवा भरलेला टायर, वर सस्पेन्शनची स्प्रिंग, मधे चाक आणि ब्रेक. या जोडणीची स्वतःची लय साधारणपणे सेकंदाला १० ते १५ हेलकाव्यांची. वरच्या बॉडीची लय वेगळी, सेकंदाला एक-दीड, म्हणून स्पीडब्रेकरवर गाडी सावकाश डुलते. माझ्या गाडीत ती तेराच्या आसपास असावी, कारण नव्वदच्या वेगाला चाकाचे १३ फेरे नेमके चाकाच्या लयीवर येऊन पडतात. साठला फेरे नऊच्या खाली, शंभरला चौदाच्या वर. धक्का लयीच्या बाहेर गेला की थरथर ओसरते. दोष मात्र होता तिथेच असतो. "शंभरला नीट चालते, म्हणजे काही नाही" म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

माझ्याकडे हा हिशेब तेव्हा तयार नव्हता. म्हणून धुळ्यात पोचल्यावर मी चारचौघांसारखंच केलं. एका दुकानात शिरलो आणि अलाइनमेंट करून घेतली. दुकानदाराने कॉम्प्युटरवरच्या हिरव्या-लाल रेघा दाखवल्या, पैसे घेतले. परत निघालो तर नव्वदला तीच थरथर.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग या दोन शब्दांची आपल्याकडे इतकी सरमिसळ झाली आहे, की दुकानदारालाही ती सोयीची वाटते. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते. ती चुकली की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतो. बॅलन्सिंग म्हणजे चाकाभोवती वजन सारखं पसरलंय का ते. नेमक्या एका वेगाला येणारी थरथर सहसा दुसऱ्या खात्यात मोडते.

पारोळ्याला महामार्गाच्या कडेच्या एका गॅरेजात थांबलो. मिस्तरी साठीचे. बॉनेट उघडायला सांगतील असं वाटलं होतं, पण त्यांनी जागेवरूनच विचारलं, "कितला स्पीडले?" मग, "हातमा का सीटमा?" आणि शेवटी, "ब्रेक मारावर वाढस का?"

या तीन प्रश्नांत जवळपास सगळं शास्त्र आलं. थरथर स्टेअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीटखाली, पाठीत जाणवत असेल तर मागच्यांवर. खात्री करायची तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून बघावं. थरथर हातातून सीटमध्ये गेली, की दोष चाकातच आहे हे पक्कं. ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग हलत असेल तर डिस्क बघायची. "डिस्क वाकली" असं सगळे म्हणतात. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. फरक शतांश मिलिमीटरांचा असतो, पण पायाला लगेच कळतो. ॲक्सिलरेटर दाबला की थरथर आणि सोडला की गायब, तर एक्सलचा आतला जॉइंट. वळताना कटकट वाजत असेल तर बाहेरचा.

चौथा प्रश्न माझ्याकडून: थरथर किती बारीक आहे? सेकंदाला तेरा म्हणजे हात दिसेल असा हलतो. इंजिन तीन हजार आरपीएमवर असेल तर ते सेकंदाला ५० फेरे घेतं, आणि त्या थरथरीने हात हलत नाही, मुंग्या येतात. पिठाच्या गिरणीच्या डब्याला हात लावल्यावर येतात तशा. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत, म्हणजे बोलेरो, ओम्नी वगैरेंत, ती ताकद मागे नेणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट असतो. तो चाकापेक्षा साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेला तर मिळणारी थरथरही अशीच बारीक असते, वर घुमणारा आवाज. इंजिन की चाक, हे कळायला गाडी उघडावी लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून पाचव्या गिअरमधून चौथ्यात या. थरथर बदलली तर इंजिन किंवा त्याची माउंटिंग; जशीच्या तशी राहिली तर चाकाकडची बाजू. गाडी पळत असताना किल्ली बंद करून बघण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. मोबाइलमध्ये कंप मोजणारा सेन्सर असतोच. शेजारच्या सीटवरच्या माणसाला तसलं एखादं ॲप उघडून फोन सीटवर ठेवायला सांगा, सेकंदाला १३ की ५० ते समोर दिसेल.

मिस्तरींनी टॉर्च घेतला, खाली वाकून पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला प्रकाश पाडला आणि हसले. "चाक बोली राहिनं भाऊ, इंजन नई."

दोन दिवसांपूर्वी अमळनेरकडे शेतात गेलो होतो. पाऊस पडून गेलेला, कपाशीच्या बांधापर्यंत गाडी नेली होती. आपली काळी माती कशी असते ते सांगायला नको. चपलेला लागली की चप्पल पायापेक्षा जड होते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते आणि चिकटते, वाळली की दगड. शेतातून निघताना मी बाहेरून गाडी धुतली होती. रिमच्या आतल्या खोबणीत माती गच्च बसली होती, तिथे पाइपाचं पाणी पोचलंच नव्हतं.

स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यावर भाकरीच्या चतकोराएवढा तुकडा निघाला. शेजारच्या किराणा दुकानात तोलला: १२० ग्रॅम. नव्वदच्या वेगाला बारा-तेरा किलोचे हिसके. त्यात माती चाकाच्या फक्त आतल्या कडेला होती, त्यामुळे चाक वर-खाली उडतच होतं, शिवाय डावं-उजवं डोलतही होतं. ते डोलणं चाकाला स्टेअरिंगशी जोडणाऱ्या टाय रॉडमार्गे थेट हातात येतं. बॅलन्सिंगच्या मशीनवर रिमच्या आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे वजनं लावतात ती यासाठीच. आणि माती तशीच ठेवून कोणी बॅलन्सिंग केलं, तर मशीन बिचारं त्या मातीसकट तोल साधून देतं. आठवडाभराने ढेकूळ गळून पडलं की थरथर पुन्हा हजर, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मशीन खोटं.

चाक निघालंच होतं म्हणून मिस्तरींनी टायरवरून हात फिरवला. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ वर जातो, डांबर त्याहून तापतं, आणि जुन्या टायरचं रबर आतल्या तारांच्या पट्ट्यांपासून सुटायला लागतं. तिथे फुगवटा येतो. फुगवट्यानेही अशीच थरथर होते, पण ती हळूहळू वाढत जाते, कमी वेगालाही जाणवते, आणि शेवटी टायर फुटतो. टायरवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी हा आकडा वाचावा. तसंच, चाक बदलल्यावर लगेच थरथर सुरू झाली तर पुढे न जाता आधी नट तपासावेत.

माझ्या टायरना फुगवटा नव्हता. चाक ज्यावर बसतं त्या हबवरचा गंज ब्रशने घासला, नट समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळले, मशीनवर उरलेला १५ ग्रॅमचा फरक काढला आणि निघालो.

नव्वदला स्टेअरिंग शांत. आई पेंगायला लागली. आणि त्या शांततेत, इतका वेळ थरथरीखाली दडलेला एक बारीक घूं-घूं आवाज ऐकू यायला लागला. उजवीकडच्या वळणावर वाढत होता, डावीकडे कमी होत होता. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, म्हणजे डाव्या बाजूचं एक बेअरिंग. पुढचं की मागचं, ते ओळखायच्या नादात एरंडोल कधी आलं कळलं नाही.